आवाज येतो, पण बोलणं येत नाही

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ सालच्या, आमच्याकडे ५५ इंची टी.व्ही. आला आणि चारच दिवसांत सासूबाई टी.व्ही.समोरून उठून स्वयंपाकघरात येऊन बसू लागल्या.

आधी माझ्या ते लक्षातच आलं नाही. दिवाळीचं घर, फराळाचे डबे, आल्यागेल्याचं चहापाणी... त्यात आई कधी ओट्यापाशी स्टूल ओढून लसूण सोलायला बसल्या, कोण बघतंय? पण भाऊबीज झाली, पाहुणे गेले, शाळा उघडायला अजून अवकाश होता, आणि रोज संध्याकाळी तोच प्रकार. बाहेर हे, चिरंजीव आणि धाकटी टी.व्ही.ला डोळे लावून बसलेले, आणि आई आत. "अहो आई, बातम्या लागल्यात," म्हटलं की, "ऐकल्या गं सकाळी रेडिओवर," म्हणायच्या. मी मनात म्हटलं, झालं! खर्च पटलेला नाही.

तसं वाटायला कारणही होतं. जुना ३२ इंची बरा चालला होता. पण सप्टेंबरात मोठ्या टी.व्हीं.वरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि तेव्हापासून आमच्या ह्यांना जुना टी.व्ही. बघवेनासा झाला. "अगं, दहा टक्के वाचतायत!" आता वाचवण्यासाठी आधी पंचेचाळीस हजार घालवायचे, हे गणित मला काही जमेना. पण मला फार बोलायला जागा नव्हती. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मानधन येतं तेव्हा येतं. ते दोन सत्रांचं एकदम हातात पडलं होतं, आणि त्यातले पंधरा हजार मीच आपणहून पुढे केले होते. हौस काय एकट्या पुरुषांनाच असते? आई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "घ्या बापडे."

दुकानातली गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. भिंतभर टी.व्ही. मांडलेले आणि सगळ्यांवर एकच फिल्म. लाल-हिरवे पोपट, मधाची संथ धार, धबधबे, कुठल्याशा परदेशी शहरातले रात्रीचे दिवे. माझ्या लक्षात आलं की असल्या फिल्मवर कुठलाच टी.व्ही. वाईट दिसत नाही. ती फिल्म मुळी त्याचसाठी काढलेली असते. शिवाय दुकानात टी.व्ही. 'स्टोअर मोड'वर ठेवतात, म्हणजे उजेड आणि रंग दोन्ही शेवटच्या टोकाला. तिथल्या लखलखाटात तेच चांगलं दिसतं. घरात संध्याकाळी एका ट्यूबखाली तसाच ठेवला तर डोळ्यांतून पाणी येईल.

"वहिनी, कलर बघा कलर!" दुकानातला मुलगा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, आमच्या घरी पोपट नाहीत. बातम्या लाव."

त्याच्या ते जरा जिवावर आलं, पण लावल्या. बघते तर निवेदिकेचा चेहरा टोमॅटोसारखा! साडी घेताना आपण दुकानाच्या दिव्याखाली रंग ठरवतो का? उठून दाराशी नेतो, उजेडात धरतो. टी.व्ही. दाराशी नेता येत नाही. पण त्याचा 'व्हिव्हिड' बदलून 'सिनेमा' नाहीतर 'स्टँडर्ड' करायला सांगता येतं. पहिल्यांदा चित्र अगदी पिवळट, मेलेलं वाटतं. दोन मिनिटं थांबायचं. डोळा सरावतो आणि मग कातडीचा रंग कातडीसारखा दिसायला लागतो. सगळे टी.व्ही. असे करून बघितले तेव्हा कुठे त्यांच्यातला फरक कळायला लागला. एकावर सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे होते, एकावर जांभळी साडी निळी दिसत होती. भिंतीवरचे अर्धे तिथेच गळाले.

दुसरी परीक्षा काळ्याची. हे मला फळ्यामुळे सुचलं असेल. ओल्या फडक्याने पुसलेला फळा आणि नुसता डस्टर फिरवलेला फळा, दोन्ही काळेच, पण दुसऱ्यावर खडूची राख बसलेली असते आणि त्यावर लिहिलेलं उठत नाही. टी.व्ही.चं तसंच आहे. एल.ई.डी. म्हणतात त्या टी.व्ही.त पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवतो किंवा सोडतो. अडवणं पुरतं जमलं नाही की रात्रीचा देखावा राखाडी होतो, आणि माणसाचे काळे केस म्हणजे नुसता एक डाग. ओ.एल.ई.डी. म्हणून जो प्रकार आहे त्यात मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे अगदी काळं. त्याच्यासमोर मी दोन मिनिटं उभी राहिले. मग किमतीची चिठ्ठी वाचली आणि पुढे सरकले.

त्या मुलाला मी मग आमच्या केबलवर दिसतं तसलं साधं चॅनल लावायला सांगितलं. ते लावल्याबरोबर इतका वेळ दिमाखात उभे असलेले टी.व्ही. एकदम पोक काढल्यासारखे दिसू लागले. त्याचं कारण चिरंजीवांनी तिथेच मोबाइलवर हिशेब करून सांगितलं (सातवीत आहे, गणित बरं आहे). फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. साध्या चॅनलचं चित्र येतं ७२० गुणिले ५७६ चं, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाख. एका ठिपक्याचे वीस करायचे! ऐनवेळी पाहुणे वाढले म्हणजे आमटीत पाणी घालतो आपण, त्यातलाच प्रकार. सुगरण असेल तर पाणी घालूनही आमटी लागते, नाहीतर नुसतं पाणी. चांगला टी.व्ही. हे वाढवण्याचं काम नीट करतो. तेव्हा घरात जे बघायचं तेच दुकानात लावून बघावं. आणि बातम्यांच्या खालून पट्टी सरकत जाते ना, ती वाचून बघावी. अक्षरांना शेपट्या फुटत असतील तर क्रिकेटच्या चेंडूलाही फुटणार.

एवढं सगळं मी बघितलं. ह्यांनी तर खोलीचं माप कागदावर आणलं होतं. ५५ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजतात, पडद्याची रुंदी त्यात साधारण चार फूट भरते, आणि फोर-के असेल तर सात-आठ फुटांवरून बघायला ते बरं पडतं. आमचा सोफा बरोबर आठ फुटांवर. झालं, ठरलं!

आवाज? आवाजही बघितला की. त्या मुलाने कसल्याशा सिनेमातला स्फोट लावला, आवाज टोकाला नेला, फरशी थरथरली. "बघा, वीस वॅट!" चिरंजीव खूश, हे खूश. चेहऱ्यांचा रंग पाऊण तास निरखणाऱ्या बाईने आवाजाला अर्धं मिनिटही दिलं नाही. वॅटवरून आवाज किती मोठा होईल ते थोडंफार कळतं. बोललेलं कळेल का, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे घेऊन घड्या घालायला आईंच्या दिवाणावर बसले. हा दिवाण खिडकीशी, म्हणजे टी.व्ही.च्या अगदी बाजूला. त्यांचे गुडघे दुखतात, सोफा खोल पडतो, म्हणून गेली सहा वर्षं ती त्यांचीच जागा. बसल्यावर सहज वर बघितलं, आणि मला आधी वाटलं माझ्या चष्म्यालाच काही लागलंय. पडद्यावर पीठ भुरभुरावं तसं चित्र फिकं दिसत होतं. सोफ्यावरून गडद दिसणारा तोच रंग इथून धुऊन निघालेला. काही पडदे समोरून झकास आणि बाजूने फिके असतात, हे मला नंतर कळलं. दुकानात आम्ही चौघंही समोर उभे राहून बघत होतो, बाजूला कोण सरकतंय? आवाज तर आणखी निराळा. मोठा होता, खोली भरून होता, पण मालिकेतली सासू काय म्हणाली ते दोनदा कान देऊनही मला नीट लागलं नाही. माझे कान चांगले आहेत. मागच्या बाकावरचं कुजबुजणं मला ऐकू येतं.

मी आत गेले. आई मेथी निवडत होत्या.

"आई, तुम्हाला टी.व्ही. ऐकू येत नाही का?"

त्यांनी वर बघितलं नाही. "आवाज येतो गं, पण बोलणं येत नाही," म्हणाल्या. "आधीच्यात येत होतं."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तुझ्या शाळेचे पैसे घातलेस त्यात. आणल्याबरोबर मी म्हणू, मला नको म्हणून?"

बरीच वर्षं झाली, वर्गातल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात मी 'वर्गात लक्ष नसते' असा शेरा लिहिला होता. पुढे तिच्या आईकडून कळलं की तिचा कान वाहत होता. तो शेरा मी विसरलेली नाही. आणि तरीही घरातल्या घरात आठवडाभर मी आईंच्या नावावर 'खर्च पटलेला नाही' असा शेरा लिहून मोकळी झाले होते. रुसल्यात, हट्टी आहेत, असं ह्यांच्याशीसुद्धा बोलले होते. ते मात्र इथे लिहिते आहे तेवढंच. आईंना अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मुलं खेळायला गेल्यावर मी आईंना टी.व्ही.पाशी आणलं. त्यांनी त्याला आधी बाजूने बघितलं, मग पाठीवरून हात फिरवला आणि बोटाने टकटक केलं.

"ह्याला भोपळा कुठाय?" म्हणाल्या.

आईंचं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या अगदी जवळ. तंबोऱ्याला जवारी काढताना ऐकत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कॉलनीत पेढे वाटणाऱ्या बहुधा आमच्या आईच!) "तार कितीही चांगली असू दे, भोपळ्याशिवाय बोलत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या पहिल्या टी.व्ही.ला लाकडी पेटी होती. काळापांढरा होता, मुंग्या यायच्या. पण सत्त्याऐंशी साली अख्खा वाडा त्यावर 'रामायण' बघायचा आणि जिन्यात बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळायचा."

मला हसू आलं, पण त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पूर्वीच्या टी.व्ही.ला मागे पोट असायचं, आवाज घुमायला जागा असायची आणि स्पीकर आपल्याकडे तोंड करून बसलेला असायचा. आता पडदा चकलीच्या साच्याच्या चकतीएवढा पातळ आणि कडा नखाएवढी. मग स्पीकर बसवायचा कुठे? बहुतेकांत तो खाली किंवा मागे तोंड करून असतो. म्हणजे बोलणारा आपल्याशी बोलतच नाही, टेबलाशी बोलतो! टेबलावर आपटून जे परत येतं ते आपल्या कानी. आणि आमच्या टेबलावर मी हौसेने काय पसरलं होतं? गुबगुबीत मखमली कापड, त्यावर पितळी भातुकली. होतं नव्हतं ते ती मखमल पिऊन टाकत होती.

कापड काढलं. थोडा फरक पडला, पण थोडाच.

मग मी माझ्या धंद्याचा उपाय केला. आईंना दिवाणावर बसवलं, हातात पाटी दिली (पाटी म्हणजे धाकटीची, खडूची), आणि मोबाइलवर माझाच आवाज भरून तो टी.व्ही.वरून लावला. शुद्धलेखन. साप, ताप, थाप, शाप, खाप, माप. असे दहा शब्द. आई आधी "इश्श, काय हे!" म्हणाल्या, पण सत्तराव्या वर्षी पाटीवर लिहायला त्यांना मजा वाटत होती, हे मला दिसत होतं. दहापैकी चार बरोबर. बाकी सगळीकडे 'आप'. आप, आप, आप!

ह्यांनी ती पाटी बघितली आणि पहिल्यांदाच गप्प बसले.

कानाच्या डॉक्टरांनी पुढे त्याचा उलगडा केला. वयाने कान जायला लागले की आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, थ, ख, फ ह्यांच्यातला फुत्कार तसलाच बारीक असतो. आ, ओ, ऊ भरदार, ते शेवटपर्यंत राहतात. म्हणून माणसाला 'कोणीतरी बोलतंय' एवढं ऐकू येतं आणि काय बोलतंय ते कळत नाही. आवाज मोठा केला की 'आप'च मोठा होतो, 'साप' होत नाही! आणि हे बारीक आवाज सरळ रेषेत येतात, भिंतीवर-टेबलावर आपटले की त्यांचाच चुरा आधी होतो. आईंचा कान आणि टी.व्ही.चा पाठमोरा स्पीकर, दोघांनी मिळून तीच अक्षरं खाल्ली होती. जुन्या टी.व्ही.त आईंचं उणं झाकलं जात होतं, नव्याने ते उघडं पाडलं.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्याकडे प्रयोगशाळा होती. रिमोटवरच्या आवाजाच्या यादीत 'क्लिअर व्हॉइस' असं काहीसं असतं (कंपनीगणिक नाव निराळं), ते लावलं. 'सराउंड' बंद केलं, त्यात बोलणं खोलीभर पसरून पातळ होतं. दहापैकी पाच-सहा. चित्रातली 'मोशन' का काय ती गुळगुळीत करणारी सोयही मी त्यातच बंद करून टाकली. तिच्यामुळे जुने सिनेमे काल शूटिंग केलेल्या मालिकेसारखे दिसत होते, मला तर बघवत नव्हतं. दिवाण मात्र आईंनी हलवू दिला नाही. "खिडकी सोडणार नाही," म्हणाल्या. मग टी.व्ही.च फिरवला. टेबल तिरकं केलं, सोफा थोडा सरकवला. आता कोणालाच अगदी समोरून दिसत नाही आणि कोणालाच फिकं दिसत नाही. त्यात खिडकीचं दुपारचं प्रतिबिंबही पडद्यावरून गेलं.

शेवटी भोपळा वेगळा विकत घ्यावा लागला. साउंडबार म्हणतात तो, टी.व्ही.खाली ठेवायची लांबट पेटी. साडेबारा हजार. ह्या वेळी मात्र मी शहाणी झाले होते. दुसऱ्या दुकानात गेलो आणि आईंना रिक्षात घालून बरोबर नेलं. "बाकीचे टी.व्ही. जरा बंद कर बाबा," म्हणून सांगितलं. दुकानदार बघतच राहिला. स्फोट नको म्हटलं, बातम्या लाव. एक बाई, एक पुरुष, दोघांचं बोलणं. आवाज हळू ठेव, मोठ्या आवाजात सगळेच गातात. पोरगा गडगडाटाचे दोन डबे फुकट देत होता, ते नको म्हटलं. ज्या पेटीत मधोमध बोलण्यासाठी निराळा स्पीकर होता तीच घेतली. त्यावर ३.१ असं लिहितात. पहिल्या आकड्यातले तीन म्हणजे डावा, उजवा आणि मधला. आईंनी डोळे मिटून ऐकलं. निवेदक काय म्हणाला ते म्हणून दाखवलं. "हा बोलतोय," म्हणाल्या, "तो मघाचा पुटपुटत होता." टी.व्ही.ला मागे 'ए.आर.सी.' लिहिलेलं भोक असावं लागतं, तिथे ह्याची वायर जाते आणि एकाच रिमोटने दोन्ही चालतात. नाहीतर आईंच्या हातात दोन रिमोट! हे आधी घरी बघून गेले होते, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पैशांचं म्हणाल, तर वॉशिंग मशीनसाठी ठेवलेले त्यात गेले. जुनं मशीन कपडे पिळताना अंगणापर्यंत चालत जातं. जाऊ दे.

परवा पुन्हा शुद्धलेखन घेतलं. दहापैकी आठ. 'थाप' अजून 'ताप' होते आणि 'खाप' म्हणजे काय असं मुलांनीच विचारलं. आई आता सातच्या बातम्यांना दिवाणावर असतात, आणि नुसत्या असत नाहीत, निवेदिकेच्या मराठीवर बोलत असतात. मागच्या आठवड्यात कुठल्याशा मैफिलीत एका तंबोऱ्याचा षड्ज उतरलाय म्हणाल्या. आमच्यापैकी कोणालाच ते कळलं नाही.

श्रवणयंत्राची गोष्ट तशीच राहिली आहे. डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, दोन्ही कानांना लावा म्हणाले, आणि त्याची किंमत ऐकून आई तिथल्या तिथे उठल्या. "टी.व्ही.पुरतं ऐकू येतंय ना, मग बास." मिरजेहून मामांचा फोन आला की मी मुद्दाम आसपास रेंगाळते. आई "हो हो" म्हणतात, "बरं बरं" म्हणतात, हसतात, आणि फोन ठेवल्यावर मी, "काय म्हणाले मामा?" विचारलं की, "काही नाही गं, नेहमीचंच," म्हणून मेथी निवडायला घेतात. येत्या बुधवारी मला पहिल्या दोनच तासिका आहेत. रिक्षा सांगून ठेवली आहे, कुठे जायचं ते अजून सांगितलेलं नाही.